उजवा वरचा कोपरा

“हा कोपरा असा काळा कशानं पडतो?”

बंकटनं पेपर काउंटरवर पसरला आणि पहिल्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी नुकतीच दुकानाची फरशी पुसून घेतली होती. त्याच्या चपलांना नदीची ओली वाळू होती, ती दारापासून काउंटरपर्यंत उमटत आली होती. त्याच्यामागून पिराजी आत आला आणि त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

“शटर कशाला?” मी विचारलं.

“ऊन लागतंय,” पिराजी म्हणाला.

तो फोटो मी सकाळी सातलाच पाहिला होता. करंजपेठेत त्या दिवशी तो न पाहिलेला माणूस नसेल. नदीच्या पात्रात सटवाजी कोतवाल वाळूवर आडवा पडलेला, दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं. त्याच्यावर एक माणूस पहार उचलून उभा. त्या माणसाच्या तोंडाला रुमाल गुंडाळलेला, मागे ट्रॅक्टरचं अर्धं चाक. सटवाजी गेला त्याला पाच दिवस झाले होते. वाळूचे ट्रॅक्टर अडवायला तो एकटाच पात्रात उतरला होता. ट्रॅक्टरखाली सापडून मेला, अशी पोलिसांत नोंद झाली होती. आणि आज जिल्ह्याच्या पेपरात हा फोटो. खाली काढणाऱ्याचं नाव नव्हतं.

फोटोच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात काळं तिरपं सावट होतं. कुणी कोपरे कातरून मागे काळा कागद लावावा, तसं.

“छपाईत होतं असं,” मी म्हणालो. “शाई जास्त झाली की.”

“बाकीच्या फोटोंत नाही झाली शाई जास्त?” बंकटनं पान उलटून दाखवलं. आमदारांचं उद्घाटन, एक बैल, एक क्रिकेटवाला. सगळ्यांचे कोपरे स्वच्छ होते.

“मग लेन्सचा दोष असंल. स्वस्त कॅमेऱ्यात कोपऱ्यापर्यंत उजेड पोचत नाही. कुणी वरून दुसरी काच बसवली तरी होतं. समोर बोट आलं तरी होतं.”

“बोट एका कोपऱ्यात येईल, भाऊ. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत कसं येईल?”

मी त्याच्याकडे पाहिलं. बंकट दहावी नापास होता, पण मूर्ख नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. हळदीला त्यानं माझ्याही गालाला हळद फासली होती. ठेकेदाराच्या वाळूवर देखरेख करायला लागल्यापासून त्याचं बोलणं हळू झालं होतं, त्याला आता मोठ्यानं बोलायची गरज पडत नसे.

“मी आठला जिल्ह्याला जाऊन आलो,” तो म्हणाला. “मोटरसायकलवर. तिथल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याला उठवलं. त्यानं फोटो बघितला न् एका मिनिटात सांगितलं. लहान डिजिटल कॅमेऱ्याच्या तोंडाला दोन पातळ पाकळ्या असतात म्हणे. बटण दाबलं की उघडतात. त्यांच्यात वाळूचा कण अडकला की अर्ध्याच उघडतात, न् कोपरे असे खातात. खरं का?”

“खरं.”

“मग मघाशी का नाही बोलला?”

मी पुसायचं फडकं काउंटरवर फिरवलं.

“तो दुरुस्तीवाला म्हणाला, ज्यानं हा कॅमेरा वापरला त्यानं कुठंतरी दाखवला असंलच. करंजपेठेत कॅमेरे उघडणारा माणूस एकच. तू.” त्यानं पेपरची घडी घातली. “कुणाचा हाय?”

कुणाचा होता ते मला सकाळी सातलाच कळलं होतं. आठवड्यापूर्वी घोडके मॅडम तो कॅमेरा घेऊन माझ्या दुकानात आल्या होत्या. सुमित्रा घोडके, नदीकाठच्या तीन गावांच्या ग्रामसेविका. घरकुलं आणि संडास बांधून झाले की लाभार्थ्याला समोर उभं करून फोटो काढायचा, तो अहवालाला जोडायचा, यासाठी पंचायतीनं त्यांना तो चपटा चंदेरी कॅमेरा दिला होता. काठावरून उतरताना तो वाळूत पडला आणि तेव्हापासून फोटोंचे कोपरे काळे यायला लागले. मी म्हणालो, दोन दिवस ठेवा, उघडून साफ करतो. त्या म्हणाल्या, उद्या तपासणी आहे, एकोणीस संडास राहिलेत. मी म्हणालो, मग माणूस मधोमध उभा करा, कोपरे जाऊ द्या. त्या हसल्या होत्या.

“असे हजार कॅमेरे असतील, बंकटराव.”

“करंजपेठेत किती?”

“मला आठवत नाही.”

बंकटनं पिराजीकडे नुसतं पाहिलं. पिराजी काउंटर ओलांडून आत आला. तो आडदांड होता, त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. त्यानं माझा डावा हात मनगटाशी धरला आणि फोटो कापायच्या कटरवर आणून ठेवला. लाकडी पाट, त्याला एका बाजूनं लांब दांड्याचं पातं. पासपोर्टचे फोटो मी त्याच्यावर दिवसभर कापायचो. पातं मी आदल्याच दिवशी धार लावून आणलं होतं.

“बंकट, तुझ्या लग्नात मी—”

“आठवतंय मला,” तो म्हणाला. “म्हणून आधी विचारलं.”

पिराजीनं माझी बाकीची बोटं मुडपून फक्त करंगळी पाटावर पसरली. मी हात ओढायचा प्रयत्न केला तेव्हा त्यानं कोपरानं माझ्या तोंडावर मारलं. डोकं मागच्या कपाटावर आपटलं आणि फ्रेम केलेली नवरा-नवरी खाली पडली. काच फुटल्याचा आवाज आला. त्याच आवाजात बंकटनं दांडा खाली ओढला.

आधी काहीच झालं नाही असं वाटलं. मग पाटावर नखासकट एक तुकडा दिसला. तो माझा आहे हे समजायला वेळ लागला. मग दुखणं आलं ते थेट खांद्यापर्यंत. मी ओरडलो असेन, कारण पिराजीनं माझ्या तोंडात पुसायचं फडकं कोंबलं.

बंकटनं दांडा पुन्हा वर केला. आता अंगठा पाटावर होता.

“बाकीचे फोटो कुठायत ते मला पाहिजे,” तो म्हणाला. “त्या दिवशी माझा रुमाल सुटला होता. पेपरात एकच आलाय. उद्या दुसरा येईल. बायको आहे मला, दोन लेकरं आहेत. तुला काय वाटतं, मी हौसेनं करतोय हे? नाव सांग.”

पिराजीनं फडकं काढलं.

“तळणीकर,” मी म्हणालो.

“कोण तळणीकर?”

“कृषी सहायक. शेततळ्याचे फोटो काढायचे ते. त्यांच्या कॅमेऱ्याला हेच झालं होतं. मी बघितला होता.”

हे अर्धं खरं होतं. तळणीकर साहेबांचा कॅमेरा असाच अडकला होता, पण तो मागच्या वर्षी, आणि मी तो दुरुस्तही करून दिला होता.

“त्याची तर बदली झाली ना?”

“हो. पाडव्याला. सिरोंच्याला.”

“मग पाच दिवसांपूर्वी फोटो कसा काढला?”

“सामान न्यायला येऊन गेले असतील. मला काय माहीत? कॅमेरा त्यांचाच आहे.”

बंकट माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या हातातून रक्त वाहून पासपोर्ट फोटोंच्या एका पाकिटावर सांडत होतं. त्याला माझं खरं वाटलं. बोट गेलेला माणूस खोटं बोलणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

“घर कुठं होतं त्याचं?”

“पोस्टाच्या मागच्या गल्लीत.”

“घरमालकाकडनं पत्ता काढू,” तो पिराजीला म्हणाला. “सिरोंच्यात असला तरी जायचं.” मग त्यानं काउंटरवरचा पाण्याचा तांब्या उचलून माझ्यापुढे ठेवला. “हात धू. दवाखान्यात कटरनं कापलं म्हणून सांग. खोटं नाही ते.”

शटर वर करून ते निघून गेले.

मी हाताला पिवळं फडकं गुंडाळलं, दातांनी गाठ मारली आणि उजव्या हातानं घोडके मॅडमना फोन लावला. त्या पंचायत समितीच्या मीटिंगमध्ये होत्या. मी म्हणालो, “मॅडम, कॅमेरा घेऊन आत्ताच्या आत्ता गाव सोडा.” त्यांनी काही न विचारता फोन ठेवला. आणि गाव सोडायच्या ऐवजी पाच मिनिटांत त्यांची स्कूटी माझ्या दारात आली.

माझा हात आणि पाट बघून त्या भिंतीला टेकल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, अंगावर कायम सुती साडी. बोलायला कडक होत्या, पण त्या क्षणी त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“माझ्यामुळे,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही का काढला फोटो?”

“मी संडास बघायला चालले होते, बिडवेभाऊ. काठावर बाभळी आहेत, तिथून दिसलं. सटवाजी ओरडत होता. मी एकटी. काय करणार होते मी? हातात तेवढंच होतं. सात काढले. दोन फोटोंत बंकटचं तोंड दिसतंय. कार्ड मी भावाकडे पाठवलंय, तो ते एसपी साहेबांच्या हातात देणार आहे. पेपरवाल्यांना एकच दिला, तोंड झाकलेला, म्हणजे पोलिसांना ते प्रकरण दाबता येणार नाही.” त्यांनी श्वास घेतला. “तुम्ही माझं नाव सांगितलं?”

“नाही.”

“मग कुणाचं?”

“तळणीकर साहेबांचं. ते लांब आहेत म्हणून…”

मॅडमनी दोन्ही हात तोंडावर नेले. “अहो, ते आलेत! मी आत्ता पोस्टासमोरून आले. त्यांच्या दारात टेम्पो लागलाय, सामान भरतायत.”

त्या वेळी मला धक्का बसला, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो.

मॅडमनी त्यांना फोन लावला, तो लागला नाही. पोलीस ठाण्यात लावला, तिथं कुणी उचलला नाही. “बसा मागे,” त्या म्हणाल्या. मी स्कूटीवर बसलो. पोस्ट दुकानापासून लांब नव्हतं. रस्ताभर मी हात छातीशी धरून बसलो होतो आणि माझ्या शर्टातून रक्त त्यांच्या साडीला लागत होतं.

गल्लीच्या तोंडाशीच ओरडणं ऐकू आलं.

टेम्पो अर्धा भरलेला होता. वर गाद्यांची वळकटी, फ्रीज आणि एक सायकल. त्या सामानात तळणीकरांची बारा-तेरा वर्षांची मुलगी ऋचा उभी होती. तिच्या हातात तुळशीची कुंडी होती आणि ती कुंडी तशीच धरून ती ओरडत होती. आवाज सारखा एकाच सुरात येत होता. ड्रायव्हर पळून गेला होता. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती, दारात एकही नव्हतं.

तळणीकर साहेब ओट्याच्या पायरीशी पडले होते. चष्मा कुठंतरी उडाला होता. पिराजीनं त्यांच्या छातीवर गुडघा दाबला होता आणि बंकटच्या हातात पहार होती. माझ्या दुकानात आला तेव्हा ती मोटरसायकलला बांधलेली असणार.

“कसला फोटो? अरे, मी आज सकाळी आलोय!” तळणीकर ओरडत होते. “तिकीट दाखवतो! खिशात तिकीट आहे माझ्या!”

“कार्ड कुठाय?”

“कसलं कार्ड?”

बंकटनं पहार उजव्या गुडघ्यावर मारली. मला आवाज आला. ओलं लाकूड फोडताना येतो तसला. वहिनी, म्हणजे तळणीकरांच्या पत्नी मंदाकिनी, बंकटच्या पाठीला लोंबकळल्या होत्या, त्याचे केस ओढत होत्या. त्यानं कोपरानं त्यांना मागे फेकलं, त्या पुन्हा आल्या. त्यानं पहार पुन्हा मारली, त्याच पायावर, जरा खाली. या वेळी तळणीकर ओरडले नाहीत. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि डोळे वर गेले.

मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो. पाय उचलेनात. हे मी कधी लपवलं नाही, आणि कुणी त्याला दोषही दिला नाही.

घोडके मॅडम थांबल्या नाहीत. त्यांनी स्कूटी तशीच आडवी टाकली, पर्समधून कॅमेरा काढला आणि तो डोक्यावर धरून चालत गेल्या. पळत नव्हत्या, चालत होत्या.

“बंकट! त्यांना सोड. फोटो मी काढलाय!”

गल्ली गप्प झाली. मुलीचं ओरडणंही थांबलं.

“हा बघ.” त्यांनी बटण दाबलं. लेन्स घरघरत बाहेर आली. “अर्धवट उघडतो तो हाच. मी काढले. सगळे मी काढले. त्या माणसाला यातलं काहीही माहीत नाही.”

बंकट त्यांच्याकडे पाहत राहिला. आपण चुकीच्या माणसाचा पाय फोडला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, आता तो पळेल. पण त्याचं डोकं फिरलं. त्यानं त्यांच्या हातातून कॅमेरा हिसकला आणि मुठीत धरून तोच त्यांच्या जबड्यावर मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडातून रक्त आणि दात ओटीत पडले. कॅमेरा उघडून बघितला तर आत कार्ड नव्हतं. त्यानं तो दगडावर आपटला आणि खाली पडलेली पहार उचलायला वाकला.

मग मी कसा हललो ते मला सांगता येत नाही. टेम्पोजवळ सुटा केलेला लोखंडी पलंग पडला होता. त्याची एक पट्टी मी उजव्या हातात घेतली. बंकट वाकलेला होता. त्यानं मला पाहिलं नाही. मी ती पट्टी त्याच्या मानेवर आणि खांद्यावर मारली, तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारली. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला पट्टीतून हातात जाणवलं. तो वळला, म्हणाला, “भाऊ!” मी पुन्हा मारली. कानाखाली. मला ते मारणं आवडत होतं, हेही सांगून टाकतो. डाव्या हाताचं दुखणं मारताना थांबत होतं. बंकट आडवा झाल्यावरही मी मारत राहिलो.

मला कुणी थांबवलं तर वहिनींनी. त्यांनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाल्या, “पुरे, भाऊ. मरेल तो. पुरे.”

पिराजी तोवर पळाला होता. मग दारं उघडली. मग माणसं बाहेर आली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तळणीकरांचा आणि माझा पलंग शेजारी-शेजारी होता. त्यांचा उजवा पाय तिसऱ्या दिवशी गुडघ्याखाली कापावा लागला. घोडके मॅडम बायकांच्या वॉर्डात होत्या, जबडा तारेनं बांधलेला. त्या पाटीवर लिहून बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी लिहून पाठवलं, “कार्ड पोचलं.” बंकट खालच्या मजल्यावर होता, दाराशी दोन पोलीस.

पेपरात माझा फोटो आला. एका बोटाचा तुकडा देऊनही न डगमगलेला, निःशस्त्र महिलेसाठी आणि निरपराध माणसासाठी धावून गेलेला छायाचित्रकार. व्यापारी मंडळींनी येऊन शाल घातली, पलंगावरच. शेजारच्या पलंगावरून तळणीकर टाळ्या वाजवत होते.

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं. शाल अंगावर होती, ती काढून ठेवली आणि म्हणालो, “साहेब, ते तुमच्याकडे आले ते माझ्यामुळे. तुमचं नाव मी घेतलं.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. वहिनी उशाशी बसून थर्मासमधला चहा कपात ओतत होत्या.

“बोट कापल्यावर?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“माझंच का?”

“तुमच्या कॅमेऱ्याला तेच झालं होतं. त्यांना पटेल असं नाव पाहिजे होतं.”

“आणि मी सिरोंच्याला आहे. एवढ्या लांब कोण जाणार, असं वाटलं असेल तुम्हाला.”

त्यांनी ते स्वतःच म्हटलं. मला फक्त मान हलवायची होती. मी मान हलवली.

“बिडवे,” ते म्हणाले, “तुमच्या जागी मी असतो तर मी पहिल्या मिनिटाला घोडके मॅडमचं नाव सांगून टाकलं असतं. बोटाला हात लावायच्या आधी. तुम्ही त्यांना वाचवलंत, मला वाचवायला पळत आलात. मी त्याच दिवशी येणार, हे तुम्हाला काय स्वप्नात दिसणार होतं?” त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला.

कप भरून चहा बशीत आणि बशीतून चादरीवर सांडला. वहिनींनी तो पुसला नाही.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. बंकटच्या डाव्या खांद्याला बाक आला होता. साक्षीला मॅडम आल्या, बोलताना त्यांची उजवी बाजू हलत नसे, तरी एकेक शब्द ठासून बोलल्या. सातही फोटो न्यायालयात दाखवले. नंतर माझा नंबर आला. बंकटच्या वकिलानं माझ्यापासूनच सगळं सुरू झालं असं दाखवायचा प्रयत्न केला.

“तळणीकरांचं नाव आरोपीला तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“घराचा पत्ताही तुम्हीच सांगितलात?”

“हो.”

“ते त्या दिवशी गावात येणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

समोर बाकावर तळणीकर बसले होते, कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, धीर द्यावा तशी. शेजारी वहिनी.

“नाही,” मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी डोळे हलवले नाहीत.

माझं बोट गेलं तो दिवस शनिवार होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी वहिनी माझ्या दुकानात आल्या होत्या, ऋचाला घेऊन. नव्या शाळेच्या फॉर्मसाठी तिचे फोटो हवे होते. मुलीची वेणी सुटली होती, ती वहिनींनी माझ्या आरशासमोर घातली. मी फोटो काढले, कापले, पाकिटात घातले. जाताना त्या म्हणाल्या, “भाऊ, हे शनिवारी सकाळी येतायत आम्हाला न्यायला. आता कधी भेट होते बघू.” मी म्हणालो, “साहेबांना म्हणावं, जाताना दुकानात चहाला या.”

मी ते म्हणालो होतो. वहिनींना आठवत होतं. मलाही आठवत होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या मला व्हरांड्यात गाठायला आल्या. तळणीकर खाली झाडाखाली मॅडमबरोबर बसले होते.

“मी तुम्हाला सांगितलं होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“विसरला होतात?”

हो म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. हाताचा तुकडा पडलेल्या माणसाला कसलं आठवतंय. मी सुद्धा स्वतःला हजार वेळा तेच सांगून बघितलं होतं. पण पातं वर गेलं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन नावं होती. एक बाई नुकतीच माझ्यासमोर हसून गेलेली, आणि एक माणूस. त्या दोघांत मी एक निवडलं होतं. ते निवडताना गुरुवार माझ्या डोक्यात होता की नव्हता, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

“मला माहीत नाही, वहिनी,” मी म्हणालो. “देवाशप्पथ माहीत नाही.”

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग खाली झाडाखाली.

“रात्री झोपेतून उठतात ते,” त्या म्हणाल्या. “पाय दुखतो म्हणतात. नसलेला पाय. मग तुमचं नाव काढतात. गल्लीत पन्नास माणसं बघत होती, एक माणूस माझ्यासाठी धावत आला, म्हणतात. तेवढं म्हटलं की झोपतात.” त्यांनी पदर खांद्यावर घेतला. “जज साहेबांपुढं जे बोललात तेच आता कायम बोला. त्यांना खरं सांगून मोकळे व्हाल तर मी तुम्हाला माफ करणार नाही.”

“आणि नाही सांगितलं तर?”

त्या जिना उतरून गेल्या.

बंकटला जन्मठेप झाली, पिराजीला सात वर्षं. माझ्यावर मारहाणीचा गुन्हा होता, तो पुढे रद्द झाला. मॅडम निवृत्त होऊन भावाजवळ राहतात. तळणीकर साहेबांचा दर दिवाळीला फोन येतो. तब्येत, दुकान, पाऊसपाणी. शेवटी म्हणतात, “थांबा, हिच्याशी बोला.” पलीकडे फोन हातात घेतल्याचा आवाज येतो, थोडा वेळ काहीच नाही, मग वहिनी म्हणतात, “ठेवते.”

दोन वर्षांपूर्वी ऋचाचं लग्न झालं. साहेबांनी पाच वेळा फोन करून मला बोलावलं. मांडवात मला पहिल्या रांगेत बसवलं. माइक हातात घेऊन, कुबडीवर उभं राहून, व्याह्यांना सांगितलं, “हे यशवंत बिडवे. हे नसते तर आज कन्यादान करायला मी नसतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्या मुलानं वाकून माझ्या पाया पडून घेतलं. ऋचाही पडली.

“अगं, टिळा लाव त्यांना,” साहेब म्हणाले.

वहिनी ताट घेऊन समोर आल्या. केस पिकले होते. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, खांद्यावर उपरणं ठेवलं. सगळं रीतीनं, कुठं घाई नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी मला बघू दिलं.

“जेवून जा,” त्या म्हणाल्या.

पंगतीत साहेब माझ्या शेजारी बसले. वहिनींनी स्वतः वाढलं. मी जेवलो.